शस्त्रक्रियागृहांतील नवें सोवळें

काळेवाडीहून पवनेचा पूल ओलांडला कीं पिंपरी लागते. कारखान्यांच्या या मुलखांत आज रुग्णालयेंहि पुष्कळ झालीं आहेत, आणि शुश्रूषाशास्त्राची पदवी घेऊन पुढील अध्ययन करणाऱ्या मुलींना अनुभवासाठीं शस्त्रक्रियागृहांत उभें राहावें लागतें. धुतलेले हात छातीशीं धरून उभ्या असलेल्या अशा मुलीच्या पाठीशीं केवढा इतिहास आहे, याची आपणांस सहसा जाणीव नसते.

१८६७ सालीं पुण्यांत ससून रुग्णालय सुरू झालें. त्याच वर्षीं लिस्टरनें कार्बोलिक अम्लानें जखमा निर्जंतुक राखण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. पुढें अमेरिकेंत कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात अशाच जंतुनाशक द्रव्यांनीं सोलून निघाले, तेव्हां शल्यवैद्य हॉलस्टेड यांनीं १८८९-९० च्या सुमारास तिच्यासाठीं रबरी हातमोजे करविले. आज सर्वत्र रूढ झालेली ही वस्तु मुळांत एका परिचारिकेच्या पीडेंतून निघाली!

आमच्याकडील अडचण निराळी होती. सोवळ्या-ओवळ्याच्या समाजांत परक्याचें रक्त पुसावयास कोणाची लेक धजणार? १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यास सेवासदन निघालें, आणि पुढें त्याच्या आश्रयानें विधवांना व इतर स्त्रियांना ससूनमध्यें शुश्रूषेचें शिक्षण मिळूं लागलें. जिचें दर्शनहि लोक अशुभ मानीत, तिच्याच स्वच्छ हातांवर आतां रुग्णाचा प्राण विसंबूं लागला. सोवळ्याचा अर्थच पालटला. तें जन्मावरून न ठरतां उकळत्या पाण्यावरून ठरूं लागलें.

१९५९ सालीं दिल्लीस या शास्त्राचें पदव्युत्तर शिक्षण सुरू झालें. तरीहि अनुभवाचा प्रश्न उरलाच. कोपऱ्यांत उभें राहून नुसतें पाहणें म्हणजे शिकणें नव्हे. जखम शिवण्यापूर्वीं रक्त टिपण्याच्या घड्या, सुया व हत्यारें मोजावीं लागतात. एक घडी कमी भरली, तर शल्यवैद्य कितीहि थोर असो, त्यास ‘थांबा’ म्हणण्याचें धैर्य परिचारिकेस हवें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं सिद्ध केलेल्या सुरक्षा-यादींतहि ही मोजणी पूर्ण झाल्याचें तोंडानें सांगण्याचें काम परिचारिकेकडेच दिलें आहे. हें धैर्य पदवीबरोबर मिळत नाहीं. शिकत असतांना तिला बोलूं दिलें, तरच तें अंगीं बाणतें.

रमाबाईंच्या पिढीनें स्त्रीला त्या दारापर्यंत पोंचविलें. आंत गेल्यावर तिचा शब्द मानावयाचा कीं नाहीं, हें मात्र आपणांस ठरवावयाचें आहे.