ओळखचोरी म्हणजे काय? आधारच्या फोटोपासून सातबाऱ्यापर्यंत काय काळजी घ्याल?

मावळातल्या बेडसे लेण्यांमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यातल्या एका दात्यानं स्वतःची ओळख सांगितली आहे ती आपलं नाव, वडिलांचं नाव आणि नाशिक हे गाव सांगून. आज याच परिसरात, पवना धरणाच्या काठावर कॅम्पिंगला येणारे लोक बुकिंगसाठी आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. सहल दोन दिवसांत संपते. तो फोटो मात्र कुणाच्या तरी मोबाईलमध्ये तसाच राहतो.

दुसऱ्याचं नाव, क्रमांक, फोटो किंवा सही वापरून व्यवहार करणं म्हणजे ओळखचोरी. तुमच्या नावावर सिम कार्ड घेतलं जाऊ शकतं, कर्ज काढलं जाऊ शकतं आणि तुमची जमीनही विकली जाऊ शकते.

तोतया मालक जमीन कशी विकतो?

द्रुतगती मार्ग, लोणावळ्याचं पर्यटन आणि पुणे-मुंबईची जवळीक यामुळे मावळातल्या जमिनीला मोठा भाव आहे. अनेक मालक मात्र शहरात राहतात आणि वर्षानुवर्षं गावाकडे फिरकत नाहीत. सातबारा ऑनलाईन कुणालाही पाहता येतो. मालकाचं नाव तिथून मिळतं. मग त्याच नावाचं, पण दुसऱ्याच्या फोटोचं बनावट आधार कार्ड तयार होतं आणि तोतया माणूस दुय्यम निबंधक कार्यालयात सही करून खरेदीखत नोंदवून देतो. असे गुन्हे पुणे जिल्ह्यात पोलिसांकडे नोंदवले गेले आहेत. यात फसतात दोघंही, खरा मालक आणि पैसे मोजणारा खरेदीदार.

पण दस्त नोंदवला म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव लगेच बदलत नाही. आधी फेरफार धरला जातो, नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हे १५ दिवस महत्त्वाचे आहेत. म्हणून:

- वर्षातून दोन-तीनदा तरी 'महाभूलेख'वर आपला सातबारा पाहा.
- 'आपली चावडी' या सरकारी पानावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावात सुरू असलेले फेरफार दिसतात. आपला गट क्रमांक त्यात आहे का, ते तपासा.
- अनोळखी फेरफार दिसला तर तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.
- आजोबांच्या किंवा वडिलांच्या निधनानंतर वारसनोंद राहिली असेल, तर ती करून घ्या. मृत व्यक्तीच्या नावावरच्या जमिनीसाठी तोतया उभा करणं सोपं जातं, कारण हरकत घ्यायला तो माणूस हयात नसतो.

नोंद मंजूर झाल्यावर प्रकार कळला, तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. खरेदीखत रद्द करून घेण्यासाठी मात्र दिवाणी न्यायालयातच जावं लागतं.

आधार द्यायचंच नाही का?

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, असं आवाहन केलं होतं. गोंधळ उडाल्यावर दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आलं आणि नेहमीची खबरदारी घ्या, असं सांगण्यात आलं. ती खबरदारी अशी घेता येते:

- 'मास्क्ड आधार' वापरा. त्यात १२ पैकी पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते मोफत मिळतं.
- झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर तारीख आणि कारण लिहा. उदाहरणार्थ, 'फक्त हॉटेल मुक्कामासाठी'. अक्षरं छापील मजकुरावरून जाऊ द्या.
- बोटांच्या ठशांचं 'बायोमेट्रिक लॉक' सुरू ठेवा. काही ठिकाणी आधार क्रमांक आणि ठसा एवढ्यावरच बँकेतून पैसे निघतात. लॉक असेल तर ठसा चालत नाही. गरज पडली की ते तात्पुरतं उघडता येतं.
- झेरॉक्स किंवा सायबर कॅफेत फाईल पाठवली असेल, तर काम झाल्यावर ती समोरच पुसायला सांगा.
- ओटीपी कुणालाही सांगू नका. बँकेचा खरा कर्मचारी तो मागत नाही.

आपल्या नावावर काय चाललंय, हे कसं कळेल?

'संचार साथी' या केंद्र सरकारच्या सेवेवर तुमच्या नावावर किती मोबाईल क्रमांक सुरू आहेत ते दिसतं. आपला नसलेला क्रमांक तिथूनच कळवता येतो.

कर्जांसाठी पतअहवाल पाहा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. दर तीन महिन्यांनी एकेकीकडून मागवला, तर वर्षभर लक्ष राहतं. न घेतलेलं कर्ज दिसलं, तर बँकेला आणि त्या कंपनीला लगेच लेखी कळवा.

ओळख चोरीला गेलीच तर?

पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार नुकसान तुमच्यावर पडत नाही. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

दुसऱ्याची सही, पासवर्ड किंवा तशीच ओळख फसवणुकीनं वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तोतया बनून दस्त नोंदवणाऱ्याला नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

कायदा आहे, पण तो कामाला लागतो तक्रारीनंतर. त्याआधीची राखण आपल्यालाच करायची आहे. आज पाच मिनिटं काढून गावाकडचा सातबारा उघडून पाहा, आणि आई-वडिलांच्या फोनवरही बायोमेट्रिक लॉक लावून द्या.