दप्तराचे ओझे आणि मुलांची पाठ

तिसरीतील मुलाचे वजन साधारणपणे पंचवीस किलोंच्या आसपास असते. सहा-सात विषयांची पुस्तके, वर्गपाठाच्या व गृहपाठाच्या वेगवेगळ्या वह्या, कंपासपेटी, चित्रकलेचे साहित्य, डबा आणि लिटरभर पाण्याची बाटली एवढा ऐवज भरला, की दप्तर सहज पाच किलोंवर जाते. हा झाला शरीराच्या वजनाचा पाचवा हिस्सा. सत्तर किलो वजनाच्या गृहस्थाने चौदा किलोंची पिशवी पाठीला लावून रोज शाळेचे दोन-तीन जिने चढावेत, तसाच हा प्रकार.

पाठीवर भार आला की शरीराचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. तोल सावरण्यासाठी मूल कमरेतून पुढे वाकते आणि समोरचे दिसावे म्हणून मान पुढे काढून हनुवटी उचलते. या अवघडलेल्या स्थितीत मान, खांदे व कंबर येथील स्नायूंवर सतत ताण पडतो. दप्तर एकाच खांद्याला अडकवण्याची ऐट मिरवणाऱ्या मोठ्या मुलांमध्ये हा ताण एका बाजूला एकवटतो. पट्टे अरुंद असतील, तर खांद्याजवळील मज्जातंतू दाबले जाऊन हातांना मुंग्याही येतात. ‘स्पाइन’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे अकरा वर्षे वयाच्या आठ मुलांच्या पाठीवर ४, ८ व १२ किलोंचे भार देऊन उभ्या स्थितीत एमआरआय करण्यात आले. भार वाढत गेला तशा कमरेच्या मणक्यांमधील चकत्या अधिक दबलेल्या आढळल्या आणि मुलांनी सांगितलेल्या वेदनाही वाढत गेल्या.

तरीही दप्तरामुळे पाठीचा कणा कायमचा वाकडा होतो, हा सर्रास ऐकू येणारा समज शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २०१८ साली ६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दप्तराच्या वजनामुळे मुलांमध्ये पाठदुखी जडते, असा खात्रीलायक पुरावा त्यात मिळाला नाही. मात्र ज्या मुलांना आपले दप्तर जड वाटते, त्यांच्यात पाठदुखी अधिक आढळल्याचे काही अभ्यासांत दिसले. कण्याच्या पार्श्ववक्रतेचे, म्हणजे कणा एका बाजूस वळण्याचे, कारण बहुसंख्य मुलांमध्ये अज्ञातच असते; दप्तर हे ते कारण नव्हे.

हा भेद केवळ पंडिती नाही. मुलाची प्रत्येक तक्रार दप्तराच्या माथी मारली, तर खरा आजार नजरेआड होतो. वाढीच्या वयात, विशेषतः मुलींमध्ये, एक खांदा वर दिसणे किंवा पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंचावणे ही पार्श्ववक्रतेची लक्षणे असू शकतात. झोपेतून उठवणारी वेदना, सोबत ताप किंवा वजन घटणे, पायात अशक्तपणा, सुटीतही न थांबणारे दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवण्यात दिरंगाई करू नये.

ओझ्याचा प्रश्न नवा नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ज्येष्ठ लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपल्या पहिल्याच भाषणात तो मांडला. पुढे १९९२ मध्ये प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजता शिकण्याचे ओझे अधिक घातक, असे या समितीने १९९३ च्या अहवालात बजावले. २००६ चे दप्तराच्या वजनमर्यादेचे विधेयक ‘कायदा’ म्हणून आजही उद्धृत केले जाते. प्रत्यक्षात ते संसदेत कधी संमतच झाले नाही.

महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेच्या पार्श्वभूमीवर जुलै २०१५ मध्ये शासन निर्णय निघाला आणि दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे, असे ठरले. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही हेच प्रमाण आहे. त्यानुसार पूर्वप्राथमिक वर्गांना दप्तर नसावे, पहिली-दुसरीसाठी ते १.६ ते २.२ किलो, तर नववी-दहावीसाठी २.५ ते ४.५ किलो असावे. राज्याने २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने जोडून पुस्तकांचे भाग पाडण्याचा प्रयोग केला. मुले वह्या आणतच राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. शाळेत वह्यांची संख्या ठरवणारी सवय बदलत नाही, तोवर पुस्तक कसेही बांधले तरी फरक पडत नाही, एवढे त्यातून दिसले.

घरच्या घरी पडताळा घेणे सोपे आहे. वजनकाट्यावर मुलाला एकदा दप्तरासह व एकदा दप्तराविना उभे करावे. रिकाम्या दप्तराचेच वजन किलोभर असेल, तर तिसरीतल्या मुलाच्या वाट्याची चाळीस टक्के मर्यादा तिथेच संपली! दोन्ही पट्टे रुंद व मऊ असावेत आणि ते दोन्ही खांद्यांवर घ्यावेत. दप्तर पाठीला चिकटून राहावे, कमरेखाली लोंबू नये. जाड पुस्तके पाठीलगतच्या कप्प्यात ठेवावीत. चाकांची दप्तरे सपाट जमिनीवर सोयीची वाटली, तरी जिन्यावर ती उचलावीच लागतात. केंद्राच्या धोरणातही त्यांना पसंती नाही. शाळेत पिण्याच्या स्वच्छ पाण्याची सोय असेल, तर भरलेल्या बाटलीऐवजी रिकामी बाटली नेता येते आणि पाठीवरचे एक किलो तेवढ्यानेच उतरते.