बेर्य-एयविंद आणि त्याची पत्नी

(बेर्य-एयविंद ओक हान्स हुस्त्रू). स्वीडिश मूकपट; प्रथम प्रदर्शन १ जानेवारी १९१८. दिग्दर्शक व्हिक्टर श्योस्ट्रम, छायालेखक यूलियस येन्सोन, निर्माती संस्था स्वेन्स्का बियो. आइसलँडचे नाटककार योहान सिगुरयोन्सन यांच्या १९११ च्या नाटकावरून श्योस्ट्रम व साम आस्क यांनी पटकथा रचली.

कथानक : अठराव्या शतकातील आइसलँड. भुकेल्या कुटुंबासाठी मेंढी चोरल्याने फरारी झालेला एयविंद खोटे नाव सांगून हाल्ला या संपन्न विधवेच्या शेतावर चाकरीस राहतो. तिच्या पाणिग्रहणाची अभिलाषा धरणारा अंमलदार, जो तिचा दीरही आहे, एयविंदचे पूर्वचरित्र उघड करतो. तेव्हा घरदार, शेतीवाडी व अब्रू यांवर पाणी सोडून ती त्याच्यासह डोंगरात परागंदा होते. पुढे शिपाई येऊन ठेपताच ती आपल्या बालकास दरीत लोटते. अखेरीस बर्फातल्या खोपटात वृद्ध व उपाशी झालेले हे जोडपे एकमेकांवर खेकसत राहते. हाल्ला बाहेर पडून गोठते आणि तिला कवटाळून तोही प्राण सोडतो.

छायालेखन : महायुद्धामुळे आइसलँडला जाणे अशक्य झाल्याने १९१७ मध्ये स्वीडनच्या उत्तरेस, लॅपलंडातील आबिस्को परिसरात चित्रीकरण झाले. नाटकात डोंगराचे वर्णन पात्रांच्या तोंडी घालावे लागते. मूकपटाला ती सोयच नसल्याने येन्सोन यांनी कडे, ओढे व हिमाच्छादित पठारे यांनाच चौकटीत अशी जागा दिली की, माणसे त्यांत ठिपक्यांएवढी उरावीत. एका प्रसंगी एयविंद दोरीने कड्यावर लोंबकळत असतो. वर उभा असलेला त्याचा सोबती आर्नेस, जो मनोमन हाल्लाचा अभिलाषी, हातात सुरी घेऊन दोरीकडे पाहतो, आणि मग मोह आवरून त्याला वर ओढतो. या धोक्याच्या चित्रणात नायकाची भूमिका करणारे श्योस्ट्रम स्वतः दोरीवर होते. अभ्यासकांनी या दृश्याची जितकी दखल घेतली आहे, तितकी अंतिम खोपटाच्या दृश्याची घेतलेली नाही, हे प्रस्तुत नोंदकर्त्यास अन्यायाचे वाटते.

पात्रयोजना : हाल्ला – एडिथ एरास्टॉफ (पुढे १९२२ मध्ये श्योस्ट्रम यांच्या पत्नी); आर्नेस – यून एकमान.

ऐतिहासिक आधार : एयविंदूर योन्सन (जन्म १७१४) व हाल्ला यांनी आइसलँडच्या निर्जन अंतर्भागात सुमारे वीस वर्षे काढली, असे परंपरा सांगते; त्यांच्या अखेरीविषयी दंतकथांत एकवाक्यता नाही.

परिणाम : फ्रेंच समीक्षक लुई देल्युक यांनी हा चित्रपट मुक्तकंठाने गौरविला.