ब्राउझरमधील दीर्घ संहितेचे दर्शन

अतिशय मोठी मजकूर-फाईल पडद्यावर दाखविताना ब्राउझरने वाचकाच्या क्रियेला तत्काळ प्रतिसाद देत राहावे, यासाठी योजिलेल्या पद्धती. मूळ अडचण संगणकाहून जुनी आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरातीरी नेवासे येथे शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत सु. ९,००० ओव्या आहेत. असा ग्रंथ सुट्या पानांच्या पोथीत राही. वाचकापुढे एका वेळी एखादेच पान असे.

युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ओवीस सरासरी ६० चिन्हे धरल्यास हा ग्रंथ सु. १६ लाख बाइटांचा भरतो. एवढी साठवण आजच्या यंत्रास क्षुल्लक होय. भार पडतो तो मांडणीचा : जोडाक्षरे जुळविणे, ओळ कोठे मोडावी हे ठरविणे, तिची उंची मोजणे. ही कामे व वाचकाला प्रतिसाद देणे, दोन्ही बहुतांशी एकाच धाग्यावर चालतात. पडदा सेकंदास ६० वेळा नवा होत असेल, तर प्रत्येक वेळी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. मांडणी त्यापुढे लांबली, की पान गोठते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर तयार केला. नेटस्केपमध्ये (१९९४) मजकूर येईल तसतसा दिसू लागला. वाट पाहणे घटले, मांडणीचे एकूण काम मात्र तेवढेच राहिले. गूगल मॅप्सने (२००५) नकाशाचे दृश्य भागापुरतेच चौकोन आणविले. मजकुरालाही हीच युक्ती लागू पडते : दिसणाऱ्या ओळी व त्यांच्या वरखालच्या थोड्या ओळी तेवढ्या रचावयाच्या, बाकीच्या पोथीच्या पानांप्रमाणे बासनात ठेवावयाच्या. वेब वर्करमुळे (२००९ पासून) फाईल वाचणे व ओळी मोजणे मुख्य धाग्याबाहेर नेता आले. फाईल तुकड्यांनी वाचताना तुकडा चिन्हाच्या ३ बाइटांमधोमध पडल्यास अक्षराऐवजी निरर्थक खूण उमटते; रोमन मजकुरावरच चाचणी घेणाऱ्यांच्या हा दोष सहसा ध्यानी येत नाही.

या युक्तीची किंमत वाचकाला मोजावी लागते. न रचलेल्या ओळी ब्राउझरच्या शोध-सोयीला सापडत नाहीत. ग्रंथात असलेली ओवी ‘नाही’ ठरते. अंधांसाठी पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनांनाही त्या अदृश्यच राहतात. क्रोमच्या ८५ व्या आवृत्तीत (२०२०) आलेल्या शैलीनियमाने पडद्याबाहेरील भागाची मांडणी लांबणीवर टाकता येते, पण त्याचा मजकूर पानातच राहतो व शोधता येतो. ज्ञानेश्वरीएवढ्या ग्रंथासाठी ही रीत अधिक प्रशस्त होय; शेकडो पट मोठ्या फायलींना मात्र ती अपुरी पडते, व तेथे शोधाची सोय स्वतंत्रपणे करावी लागते.