सहस्रकुंड : एकेकाळी आपल्याच जिल्ह्याची शीव

पावसानं दोन दिवस उघडीप दिली, सोयाबीनचा एक फवारा उरकला अन् सहस्रकुंडचा धबधबा पाहून आलो. फोटो सोबत टाकले आहेत. पण नुसत्या फोटोवर भागवत नाही, कारण या धबधब्याचा अन् वाशीमचा संबंध बऱ्याच जणांना ठाऊक नाही.

आज पैनगंगेच्या या थडीला उमरखेड तालुक्यातलं मुरली, म्हणजे यवतमाळ जिल्हा. त्या थडीला इस्लापूर, म्हणजे किनवट तालुका, नांदेड जिल्हा. इंग्रजांच्या काळात मात्र वऱ्हाडात वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. त्यांच्या कागदात नाव 'बासिम'. पुसद तालुका त्यातच मोडायचा अन् उमरखेडचा मुलूख पुसदमध्ये. म्हणजे आपल्या जिल्ह्याची शीव थेट या धबधब्यापर्यंत जायची. 1905 साली जिल्हा मोडला. वाशीम अन् मंगरूळ अकोल्याला गेले, पुसद यवतमाळला. 1 जुलै 1998 ला आपला जिल्हा परत झाला, पण पुसद काही परत आलं नाही.

ही शीव साधी नव्हती. 1853 साली निजामानं फौजेच्या थकलेल्या खर्चापायी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, अन् पैनगंगेच्या दोन थडींवर दोन कारभार सुरू झाले. इकडं कलदार रुपया, तिकडं हाली शिक्का. माल पलीकडं न्यायचा तर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात. माणसाची सोयरीक दोन्हीकडं, भाषा एकच. बैलाला तर काय कळणार, उन्हाळ्यात पाणी प्यायला एका राज्यात उतरायचा अन् चरत चरत दुसऱ्या राज्यात निघायचा.

खरा ताण आला तो 15 ऑगस्ट 1947 नंतर. अलीकडची थडी स्वतंत्र झाली, पलीकडच्या थडीवर निजामाचंच राज्य. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, तेरा महिने असंच चाललं. रझाकारांच्या भयानं लोक नदी उतरून वऱ्हाडात यायचे. उमरखेडला हैदराबादच्या स्वातंत्र्यसैनिकांचा कॅम्प होता. आज आपण जिथं मोबाईल वर करून सेल्फी काढतो, त्या काठाला तेव्हा रात्री कोणी सहज जात नसे. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा अन् विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले, तेव्हा कुठं दोन्ही थडी एका राज्यात बसल्या.

आता पाण्याचं. काळ्या बेसाल्टचा खडक आडवा आला आहे, त्यावर नदी फुटून अनेक धारांनी खाली पडते, म्हणून सहस्रकुंड. भोवती सागाचं जंगल, पैनगंगा अभयारण्याचा भाग. पण ही नदी येते कुठून? बुलढाण्याच्या डोंगरातून निघून मेहकर, रिसोड, वाशीम असं आपल्याच शिवारातून. फोटोत पाण्याचा जो चहासारखा रंग दिसतो ना, ती आपल्या रानातली माती आहे बाप्पा. उताराला आडवी पेरणी अन् रुंद वरंबा सरीचं कृषीवाले सांगतात ते का, हे तिथं उभं राहिल्यावर डोळ्यांना दिसतं.

दुसरी गोष्ट, इसापूर धरण. 1980 च्या दशकापासून वरचं पाणी तिथं अडतं. त्या कालव्यावर अर्धापूरकडं केळी उभी झाली, हे चांगलंच झालं. आपल्या जिल्ह्यातही नदीवर बॅरेज झाले अन् काठाची शेती भिजू लागली. पण धबधबा मात्र आता इसापूरच्या खालच्या पावसावर, नाहीतर धरणाच्या दारांवर चालतो. म्हणून जाताना आधी विचारून जा. आभाळ कोरडं असलं तरी वरून पाणी सुटलं की खडकावर चढलेल्याला परतायला वेळ मिळत नाही. लेकराचा हात सोडू नका अन् शेवाळावर उभं राहून फोटो काढू नका.

वाट : वाशीम, पुसद, उमरखेड, ढाणकी, बिटरगाव. रेल्वेनं यायचं तर मुदखेड–आदिलाबाद लाईनवर सहस्रकुंड नावाचं स्टेशनच आहे, पण ते पलीकडच्या थडीला.

कोणाच्या घरी धरण व्हायच्या आधीचा या धबधब्याचा फोटो असेल तर साल अन् महिना लिहून पाठवा. आताच्या फोटोशेजारी लावून पाहू.