दिवाळखोरीतील फसवणूक व सूटप्राप्त मालमत्ता (अमेरिका)

अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यानुसार प्रामाणिक ऋणकोला कर्जमुक्त होऊन नव्याने उभे राहण्याची संधी मिळते. त्यासाठी राहते घर, वाहन, घरगुती सामान, व्यवसायाची अवजारे इत्यादींचे ठरावीक मूल्य धनकोंच्या वसुलीतून वगळले जाते. यास सूटप्राप्त मालमत्ता म्हणतात. ऋणकोची कर्जमुक्ती रोखणे आणि त्याच्या सुटीस हरकत घेणे, हे दोन स्वतंत्र उपाय आहेत.

फसवणुकीची सिद्धता

कलम ७२७ नुसार, अर्जापूर्वीच्या एका वर्षात धनकोंना फसवण्याच्या हेतूने मालमत्ता लपवणे वा हस्तांतरित करणे, तसेच प्रकरणात शपथेवर जाणूनबुजून खोटी माहिती देणे, या कारणांवरून कर्जमुक्ती नाकारता येते. हेतूची कबुली क्वचितच मिळते. त्यामुळे तो परिस्थितीवरून ठरवला जातो. नातलगास नाममात्र किमतीत केलेली विक्री, विक्रीनंतरही स्वतःकडे राहिलेला ताबा, दावा दाखल होताच घाईने केलेले हस्तांतर ही फसवणुकीची परिचित लक्षणे होत. फसवणुकीतून उद्भवलेले एखादे कर्ज माफीबाहेर ठेवण्यासाठी संभाव्यतेचे पारडे धनकोच्या बाजूने झुकणे पुरेसे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ग्रोगन विरुद्ध गार्नर (१९९१) या खटल्यात ठरवले.

सुटीस हरकत

धनकोंची सभा संपल्यापासून सामान्यतः ३० दिवसांत हरकत नोंदवावी लागते. मुदत उलटल्यास, सुटीला कायदेशीर आधार नसला तरी ती कायम राहते, असा निर्णय टेलर विरुद्ध फ्रीलँड अँड क्रॉन्झ (१९९२) या खटल्यात झाला.

लॉ विरुद्ध सीगेल (२०१४)

कॅलिफोर्नियातील एका ऋणकोने घरावर दुसरे गहाण असल्याचा बनाव रचला. घरात धनकोंसाठी काहीच शिल्लक नाही, असे त्यास भासवायचे होते. हा बनाव उघड करण्यात विश्वस्ताचे ५ लाख डॉलरहून अधिक वकिली शुल्क झाले. कनिष्ठ न्यायालयांनी ऋणकोची ७५,००० डॉलरची घरसूट या शुल्काकडे वळवली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश एकमताने रद्द केला. सूटप्राप्त मालमत्ता प्रशासकीय खर्चास जबाबदार नाही, असे कायद्यात स्पष्ट असताना न्यायालय आपल्या सामान्य अधिकारात त्याविरुद्ध जाऊ शकत नाही, असे निकालात म्हटले आहे. विश्वस्ताने या सुटीस मुदतीत हरकतही घेतलेली नव्हती.

या निकालानंतरही कर्जमुक्ती नाकारणे, अप्रामाणिक वर्तनाबद्दल दंडात्मक आदेश देणे आणि फौजदारी खटला चालवणे हे उपाय उपलब्ध आहेत. दिवाळखोरीत मालमत्ता लपवण्याच्या गुन्ह्यास कमाल ५ वर्षे कारावासाची तरतूद आहे.