सामाईक पूल : नाव, रुंदी आणि सुरक्षितता

नदी अथवा ओढा ओलांडण्याच्या बांधकामास मराठीत तीन शब्द आहेत आणि तिघांचे कूळ निरनिराळे आहे. 'सेतू' हा 'सि' म्हणजे बांधणे या धातूपासून आला. म्हणून प्राचीन संस्कृतात त्याचा अर्थ बांध, बंधारा, शेताची हद्द असाही होतो. 'साकव' हा संस्कृत 'संक्रम' या शब्दाचा प्राकृतातून आलेला वंशज होय. त्यात भर बांधण्यावर नसून पलीकडे जाण्यावर आहे. 'पूल' हा फारसीतून आला व त्याने उरलेल्या दोघांस बाजूस सारले. तथापि कोकणात वहाळावरच्या अरुंद पायपुलास लोक आजही साकवच म्हणतात, आणि जिल्हा परिषदांच्या कामांच्या याद्यांतही तो शब्द टिकून आहे. साकव म्हटला की त्यावरून माणूस जावा, फार तर त्याच्या डोक्यावरचा भारा जावा. पूल म्हटला की त्यावरून गाडी जावी, अशी वाटणी बोलणाऱ्याच्या मनात न सांगता झालेली असते.

ही वाटणी वरवर दिसते तितकी किरकोळ नाही. रस्ता रुंद करता येतो, रस्त्याच्या कडेस उतरता येते. पुलावर कठडा असतो आणि कठड्यापलीकडे पाणी. म्हणून पुलावरून कोणी जावे, कोणी कोणत्या बाजूने जावे हा प्रश्न रस्त्याच्या आधी पुलावर उपस्थित होतो, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी जाणाऱ्यास प्रथम एक नाव द्यावे लागते. पुलांच्या सुरक्षिततेचा इतिहास अभियंते बहुधा भाराचा इतिहास म्हणून लिहितात. पादचारी, सायकलस्वार आणि लहान गाड्या एकत्र वाहणाऱ्या पुलांपुरता तरी तो नावांचा आणि रुंदीचा इतिहास अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. उदाहरणादाखल न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल घेऊ; कारण त्याच्या सुमारे एकशे चाळीस वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न जवळजवळ सर्व रूपांत येऊन गेला आहे.

या पुलाचा आराखडा जॉन रोब्लिंग यांचा. धक्क्यावर पाय चिरडून झालेल्या धनुर्वाताने ते १८६९ साली वारले व काम त्यांचे पुत्र वॉशिंग्टन यांच्याकडे आले. तेही पाण्याखालील पायाच्या कामात दाबाच्या हवेमुळे कायमचे जायबंदी झाले आणि पत्नी एमिली यांच्या साहाय्याने त्यांनी काम तडीस नेले. ही कथा सर्वपरिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी. पुलाची ८५ फूट रुंदी आरंभीच पाच भागांत वाटलेली होती : दोन्ही कडांना घोडागाड्यांचे मार्ग, त्यांच्या आत केबलने ओढल्या जाणाऱ्या आगगाडीचे दोन मार्ग, आणि मधोमध, इतरांच्या डोक्यावर उंचावलेला, पायी चालणाऱ्यांचा विहारमार्ग. दाट वस्तीच्या व्यापारी नगरातील लोकांना, विशेषतः म्हाताऱ्यांना व दुखणाइतांना, स्वच्छ हवेत फिरता यावे म्हणून हा मार्ग हवा, असे रोब्लिंग यांनी १८६७ च्या आपल्या अहवालात आवर्जून मांडले होते. चालणारा म्हणजे गाडी न परवडणारा माणूस अशी समजूत रूढ असण्याच्या काळात त्याला पुलावरची सर्वांत उंच व मोकळी जागा देणे हे साधे काम नव्हते.

२४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला. पहिल्या दिवशी १,५०,३०० माणसे आणि १,८०० वाहने त्यावरून गेली. पथकराचे कोष्टक असे : पायी माणसास एक सेंट, घोडा व स्वार यांस पाच, घोडा व गाडी यांस दहा, गाईस पाच, डुकरास व मेंढीस दोन. शब्दांचा अभ्यास करणाऱ्याला अशी कोष्टके कोशासारखी वाटतात. पुलाला कोण ठाऊक आहे, हे त्यांत कळते. पण ज्याला जे नाव दिले त्याच्यासाठी किती रुंदी राखून ठेवली, हे मात्र त्यांत नसते.

सहा दिवसांनी, ३० मे रोजी, यादवी युद्धातील मृतांच्या स्मरणाची सुटी होती आणि विहारमार्ग माणसांनी फुलला होता. न्यूयॉर्कच्या बाजूस, मार्ग खाली उतरतो तेथे एक अरुंद जिना होता. चढणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची गर्दी तेथे समोरासमोर आली. एक बाई पायऱ्यांवर पडली, दुसरी किंचाळली, पूल कोसळतो आहे अशी हूल उठली आणि मागचे लोक पुढच्यांवर लोटले. १२ माणसे चेंगरून मेली. पुलास मात्र काही झाले नव्हते. केबलांची ताकद गरजेच्या सहापट असावी असे गणित मूळ आराखड्यात होते. १८७८ साली तार पुरवणाऱ्या कंत्राटदाराची लबाडी उघडकीस आली, तेव्हा वॉशिंग्टन रोब्लिंग यांनी हिशेब करून पाहिला. निकृष्ट तार धरूनही निदान पाचपट ताकद उरत होती, शिवाय त्यांनी प्रत्येक केबलमध्ये जादा तारा घालून घेतल्या. पाचपट ताकदीच्या पुलावर बारा माणसे मेली ती जिन्याच्या रुंदीमुळे. पुढील वर्षी १७ मे रोजी बार्नम यांनी आपल्या सर्कशीचे २१ हत्ती पुलावरून नेले व लोकांची भीती गेली म्हणतात. पण हत्तींनी उत्तर दिले ते भलत्याच प्रश्नाला.

या प्रसंगाची आठवण मुंबईकर वाचकास २९ सप्टेंबर २०१७ वरून सहज होईल. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या, म्हणजे आजच्या प्रभादेवीच्या, पादचारी पुलाच्या जिन्यावर त्या सकाळी २३ माणसे चेंगरून मेली. तेथेही पूल पडला नव्हता. जोराचा पाऊस आल्याने लोक जिन्यावर थांबून राहिले आणि मागून गाड्यांतून उतरलेले लोक येतच राहिले. फूलविक्याने 'फूल गिर गया' असे म्हटले ते लोकांनी 'पुल गिर गया' असे ऐकले, असे एका बचावलेल्या प्रवाशाने सांगितल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले होते. एका महाप्राणाचा आणि स्वराच्या दीर्घत्वाचा काय तो फरक. गोंगाटात दोन्ही प्रथम गळतात. ती साक्ष खरी असो वा नसो, १८८३ साली व २०१७ साली गर्दीच्या मनात तीच एक भीती तयार होती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

पूल खरोखर पडल्याची उदाहरणे एकोणिसाव्या शतकात कमी नव्हती. १८३१ साली मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथे आणि १८५० साली फ्रान्समध्ये आंजे येथे सैनिकांच्या तुकड्या चालत असता झुलते पूल तुटले. दुसऱ्या दुर्घटनेत दोनशेहून अधिक सैनिक बुडाले. १८४५ साली यार्मथ येथे नदीतून कलहंसांकडून ओढला जाणारा विदूषक पाहण्यास गर्दी पुलाच्या एकाच बाजूस धावली, साखळी तुटली आणि ७९ जीव गेले. त्यांत मुले पुष्कळ. यातून अभियंत्यांनी घ्यायचा तो धडा घेतला. गर्दीच्या अंतर्गत शिस्तीचा धडा मात्र त्याहून जुना आहे. १७२२ साली लंडनच्या महापौरांनी जुन्या लंडन पुलावर आज्ञा काढली, की शहरात येणाऱ्या गाड्यांनी पश्चिमेची व शहराबाहेर जाणाऱ्यांनी पूर्वेची कड धरावी. हा नियम पाळवण्यासाठी माणसे नेमली. इंग्लंडमधील डाव्या बाजूच्या नियमाचा हा एक आरंभीचा लेखी दाखला होय, आणि तो रस्त्यासाठी नसून पुलासाठी निघाला.

या व्यवस्थेत पादचारी आणि गाडी अशी दोनच नावे होती. सायकल आली तेव्हा ती कोणत्या नावाखाली मोडते हे कोणालाच ठाऊक नव्हते. इंग्लंडातील न्यायालयांत त्याची जी चर्चा झाली ती अर्थविचाराच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावी. १८७९ साली निकाल झाला की बेफाम हाकण्याच्या गुन्ह्यापुरती सायकल ही गाडीच होय. पुढच्याच वर्षी निकाल झाला की पथकरापुरती ती गाडी नव्हे, कारण संबंधित कायद्यातील गाड्यांच्या यादीत तिच्यासारखे काही नव्हते. १८८८ च्या कायद्याने सायकलींना गाड्या ठरवले, तरी टिनमथ आणि शॅल्डन यांना जोडणाऱ्या पुलाच्या जुन्या कायद्यातील 'गाडी' या शब्दात सायकल येत नाही, असे वरिष्ठ न्यायालयाने १९०३ साली पुन्हा म्हटले. एकच वस्तू धोका म्हणून गाडी आणि उत्पन्न म्हणून गाडी नव्हे! न्यायाधीशांना यासाठी दोष देता येत नाही. शब्दाचा अर्थ तो कोणत्या यादीत उभा आहे त्यावर ठरतो, एवढेच त्यांनी सांगितले. न्यूयॉर्क राज्यात १८८७ च्या कायद्याने सायकलस्वारांस घोडागाड्यांइतकेच हक्क मिळाले.

कागदावर गाडी ठरलेली सायकल ब्रुकलिन पुलावर विसाव्या शतकात पादचाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसली. कारण उघड आहे. आगगाडी १९४४ साली गेली, ट्राम १९५० साली गेली, आणि त्यांची मोकळी झालेली रुंदी १९५४ पर्यंत चाललेल्या पुनर्रचनेत मोटारींना मिळाली. दर दिशेस तीन मोटारमार्ग झाले. त्या वेगात सायकल टिकणे अशक्य. म्हणून ती वरच्या विहारमार्गावर आली. पुढे तेथे रंगाची एक रेघ ओढून एक बाजू चालणाऱ्यांस आणि दुसरी सायकलींस दिली. हा मार्ग काही ठिकाणी जेमतेम १० फूट रुंद आहे. चालणारे बहुतांशी पुलाची शोभा पाहण्यास आलेले. ते थांबत, मागे सरकत, छायाचित्रे घेत. रेघेच्या दोन्ही अंगांस गती निराळी होती, पण रेघेस उंची नव्हती. अखेर १४ सप्टेंबर २०२१ रोजी खालचा एक मोटारमार्ग काढून घेऊन, मध्ये अडथळे उभारून, दोन्ही दिशांच्या सायकलींसाठी ८ फूट रुंदीचा स्वतंत्र मार्ग सुरू झाला. १८८३ नंतर चालणाऱ्यास आपली सबंध जागा परत मिळाली ती अशी, दुसऱ्या कोणाची रुंदी कमी केल्यावर.

अमेरिकेतच या प्रश्नाने आणखी एक वेगळे रूप घेतले आहे. अटलांटाच्या दक्षिणेस पीचट्री सिटी हे १९५९ साली स्थापन झालेले योजनाबद्ध नगर आहे. तेथे सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या वाटांवरून पादचारी, सायकली आणि गोल्फच्या मैदानावरील छोट्या गाड्या एकत्र जातात. महामार्ग ओलांडण्यास त्यांच्यासाठी पूल आणि बोगदे आहेत. तेथील एका हायस्कुलाला विद्यार्थ्यांच्या गोल्फ-गाड्यांसाठी वाहनतळ आहे. या गाडीस नाव देतानाही कायद्याची तीच ओढाताण झाली. १९९८ साली केंद्रीय नियमाने ताशी २० ते २५ मैल वेगाच्या वाहनास 'मंदगती वाहन' असा वर्ग दिला. त्याखालची गोल्फ-गाडी राज्यांच्या हवाली राहिली, आणि जॉर्जियाच्या कायद्यात तिला पुढे 'व्यक्तिगत परिवहन वाहन' असे भारदस्त नाव मिळाले.

अशा गाडीने पूल मोडेल काय? हिशेब सोपा आहे. अमेरिकेतील राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेचे पादचारी पुलांविषयीचे २००९ चे नियम दर चौरस फुटास ९० पौंड इतका माणसांचा भार धरावयास सांगतात. चार माणसे बसलेली गोल्फ-गाडी साधारण १,६०० पौंड भरते व ३२ चौरस फूट जागा व्यापते. म्हणजे फुटास ५० पौंड. दाटीने उभी असलेली माणसे गाड्यांपेक्षा जड असतात. फळ्यांवर चाकांचा भार एकवटतो तेवढा पाहिला की ताकदीचा प्रश्न संपतो. रुंदीचा मात्र संपत नाही. गाडी ४ फूट रुंद. १० फुटी पुलावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चालणाऱ्यास २ फूट उरतात, आणि ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या गाडीपासून दूर व्हावयास वाटेवर गवत असते तसे पुलावर काही नसते. याच नियमांतील एक तरतूद मला मोलाची वाटते. वाहनास पुलावर येण्यापासून कायमस्वरूपी भौतिक अडथळ्याने रोखलेले नसेल, तर वाहन येणारच असे धरून पूल बांधावा. ७ फुटांहून अरुंद पुलाला तेवढी सूट. फलकावर नियमकर्त्यांनी भिस्त ठेवलेली नाही.

आपल्याकडे फलकावर पुष्कळ भिस्त असते. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. धोक्याचा फलक लावलेला होता असे सांगण्यात आले. पुलावर त्या वेळी दुचाक्याही होत्या असे प्रत्यक्षदर्शींनी सांगितल्याचे वृत्तपत्रांत आले. येथे ताकदही अपुरी होती व रुंदीही. पण ७ फुटांच्या सुटीतील फटही येथेच दिसते. अरुंद पुलावर गाडी मावत नाही हे गृहीत चारचाकीपुरते खरे. दुचाकी साकवावरही मावते. ती आपल्या बोलीत 'गाडी' झाली, 'गाडी काढतो' म्हणणारा तरुण दुचाकीबद्दलच बोलत असतो; पण पुलाच्या दृष्टीने तिला अद्याप स्थिर नाव मिळालेले नाही. पुण्याच्या लाकडी पुलाने उलट टोक पाहिले. १७६१ च्या मूळ लाकडी पुलाचे नाव पुढच्या दगडी पुलास चिकटून राहिले, आणि त्या दगडी पुलावर मोटारींना मुभा असताना दुचाकींना अनेक वर्षे बंदी होती. पुणेकरांनी त्यावर विनोद केले. पण रुंदी मोजून एका नावाच्या वाहनास वगळणे हा, चुकीचा का असेना, निर्णय होता. कुंडमळ्यास तसा निर्णय कोणी अमलात आणलेला दिसत नाही.

ब्रुकलिन पुलावर ३ जानेवारी २०२४ पासून विक्रेत्यांना बंदी झाली. सायकली खाली गेल्यावर मोकळ्या झालेल्या विहारमार्गावर टोप्या आणि खेळणी विकणाऱ्यांचे ठेले आले होते व चालण्याची जागा पुन्हा आक्रसली होती. खालच्या ८ फुटी मार्गावर आता विजेच्या सायकली धावतात. २०२० साली न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने त्यांचे तीन वर्ग केले आणि शहरापुरता तिसऱ्या वर्गास ताशी २५ मैलांपर्यंत वेग दिला. म्हणजे मंदगती वाहनाच्या व्याख्येतील कमाल वेग. समोरासमोरच्या दोन दिशांसाठी मार्गाची रुंदी ८ फूटच आहे.